अनुभव धागा: डेडम व्हेल, स्टूर नदीकाठच्या सोप्या वाटा

इंग्लंडमध्ये पायी भटकायचं म्हटलं की आपल्या मंडळींची यादी ठरलेली असते: लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड, फार तर कॉट्सवोल्ड्स. पूर्वेकडे फारसं कुणी वळत नाही. मी कोल्चेस्टरजवळ राहते आणि माझ्या मते डोंगर चढायची हौस किंवा ताकद नसलेल्यांसाठी स्टूर नदीच्या खोऱ्यासारखी जागा नाही. एसेक्स आणि सफक या दोन काउंट्यांची हद्द म्हणजे ही नदी. तिच्या खालच्या टप्प्यातल्या खोऱ्याला डेडम व्हेल म्हणतात. १९७० सालापासून हा संरक्षित निसर्गसुंदर प्रदेश आहे.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून मॅनिंगट्रीला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. स्टेशनातून निघालेली वाट थोड्याच वेळात नदीला मिळते. तिथून काठाकाठाने तीनेक किलोमीटरवर फ्लॅटफर्ड, आणि पुढे कुरणांमधून अडीच-तीन किलोमीटरवर डेडम गाव. सगळं सपाट. चढ लागतो तो ईस्ट बर्गहोल्टला वर जायचं ठरवलं तरच.

मला या वाटांचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते एका गोष्टीचं. कुरण शेतकऱ्याचं, गुरं त्याची, फाटकही त्याचंच, पण मधून जाणाऱ्या वाटेवर चालायचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना अशा प्रत्येक वाटेची नकाशावर नोंद करणं भाग पडलं. खांबावर पिवळा बाण दिसला की ती पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर १९६ क्रमांकाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवल्या आहेत. तो नकाशा हातात असला की कुणाला काही विचारावं लागत नाही. अनोळखी देशात परक्याच्या रानातून असं निर्धास्त चालता येणं मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही या खोऱ्यात फिरला असाल तर जरूर लिहा. ऋतू कोणता होता, सोबत कोण होतं, काय पाहिलंत, नव्याने जाणाऱ्याला काय सांगाल?

इप्सविचहून, दोन लहान मुलांची आई

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमच्यासारखे बरेच मराठी लोक इथे आयटीच्या नोकरीसाठी येतात आणि शनिवार-रविवार खरेदीत घालवतात. आम्ही मुलांना घेऊन फ्लॅटफर्ड ते डेडम चालतो. मोठा पहिलीच्या वयाचा आहे, तो सगळं अंतर आपल्या पायांनी जातो.

बाबागाडीचं मात्र आधीच सांगते: नेऊ नका. वाट सपाट असली तरी मध्ये किसिंग गेट लागतात. एक छोटं फाटक, त्याला वेढणारं अर्धगोल कुंपण. फाटक आपल्याकडे ओढायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, मग ते पुढे ढकलून पलीकडे निघायचं. माणूस जातो, गाय अडते. मुलांना तो खेळच वाटतो, पण बाबागाडी उचलून पलीकडे न्यायची म्हणजे हाताला रग लागते. धाकटीला पाठीवरच्या कॅरियरमध्येच न्यायची.

फ्लॅटफर्डच्या लॉकपाशी (नावा वर-खाली नेण्यासाठी नदीत बांधलेला दारांचा हौद) मुलांचा हात सोडू नका, पाणी खोल आहे आणि काठ उभा. हंगामात वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात. डेडमपासून फ्लॅटफर्डच्या दिशेने होडीने गेलं की जी वाट चाललो तीच पाण्यातून दिसते, मुलांना ते फार आवडतं. ऑगस्टच्या शेवटाला कुंपणाकडेला ब्लॅकबेरी पिकतात, त्यासाठी एक रिकामा डबा बरोबर ठेवा. नेटल नावाची खाजरी वनस्पती मात्र तिथेच शेजारी असते. त्या दिवशी मुलांना पूर्ण पायाची पँट घाला.

नाशिकहून लेकीकडे आलेली आजी

माझं वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे. लेक म्हणाली, "आई, तुला जमेल." जमलं. घाई कसली ती नव्हती. बाक दिसला की बसायचं.

मी गोदावरीच्या काठची. नदी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर घाट येतो, पायऱ्या, देवळं, गर्दी. इथे नदीला घाटच नाही. गवत उतरत उतरत सरळ पाण्यात जातं आणि गाई तिथेच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाणी पितात. गाय दिसली की माझा हात नमस्काराला आणि तिच्या पाठीवर जातोच. लेकीने थांबवलं. इथल्या गाईंना असा अनोळखी हात चालत नाही, आणि वासरू सोबत असेल तर आई आणि वासराच्या मधून तर मुळीच जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. कुत्रा बरोबर असलेल्यांनी तर जास्तच जपायचं. गाय अंगावर आली तर कुत्र्याची साखळी सोडून द्यायची म्हणे, कुत्रा आपला जीव वाचवतो आणि माणूसही सुटतो.

समोरून येणारा प्रत्येक जण "मॉर्निंग" म्हणून पुढे जायचा. मीही म्हणायला लागले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती नदीकाठी खाल्ली. मग फ्लॅटफर्डला ब्रिज कॉटेजजवळ चहा. ते गवताने शाकारलेलं घर सोळाव्या शतकातलं आहे असं लेकीने सांगितलं. माझ्या माहेरचं घरही शाकारलेलं होतं, म्हणून मी छपराची कड बराच वेळ बघत राहिले. किती नीट कापली होती, जाडी हातभर आणि रेघ एकसारखी.

चेम्सफर्डहून, क्लब क्रिकेट खेळणारा

नदीकाठी ओळीत लावलेली सरळसोट, करड्या-हिरव्या पानांची झाडं दिसतील. क्रिकेटवाल्यांनी तिथे जरा थांबावं. तो बॅटचा विलो. एसेक्स आणि सफकच्या ओलसर जमिनीत हे झाड झपाट्याने वाढतं. बिनपानांचा लांब दांडा जमिनीत रोवतात, त्याला मुळं फुटतात. त्यानंतरची काही वर्षं खरी मेहनत: खोडावर फुटणारे कोंब दर वर्षी हाताने खुडून टाकायचे. एक कोंब राहिला तर तिथे गाठ धरते, आणि त्या जागेची बॅट चांगल्या दर्जाची होत नाही. पंधरा-वीस वर्षांत झाड तोडायला येतं आणि त्या जागी नवीन लावतात.

तोडलेल्या खोडाच्या फाळ्या करून वाळवतात आणि त्यातल्या पुष्कळ भारतात, मेरठ आणि जालंधरला जातात. शिवाजी पार्कावर कुणी इंग्लिश विलोची बॅट घेऊन उतरतो, तेव्हा ते लाकूड अशाच कुठल्यातरी नदीकाठचं असतं. मी खोडावर हात ठेवून बघितलं. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वर वीतभरापर्यंत एकही गाठ हाताला लागली नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे येऊन कोंब खुडले होते.

याच काठावर बुटकी, जाड खोडाची, डोक्यावर फांद्यांचा झुपका असलेली झाडंही आहेत. तोही विलोच, पण बॅटचा नाही. त्यांचा शेंडा ठरावीक वर्षांनी छाटतात. गुरांच्या तोंडाला लागू नये म्हणून छाटणी उंचावर करायची जुनी पद्धत.

मुंबईत चित्रकला शिकलेली, आता लंडनला

या खोऱ्यात येऊन चित्रकार कॉन्स्टेबलचं नाव न घेता कसं चालेल! जॉन कॉन्स्टेबल १७७६ साली ईस्ट बर्गहोल्टला जन्मला. फ्लॅटफर्ड आणि डेडमच्या पाणगिरण्या त्याच्या वडिलांच्या. शाळेसाठी तो रोज याच खोऱ्यातून डेडमला चालत जायचा. मोठा चित्रकार झाल्यावरही त्याने इटलीचे डोंगर शोधले नाहीत, लहानपणच्या चालण्यातलं चार-पाच मैलांचं जग रंगवलं.

१८२१ चं 'द हे वेन' (गवताची गाडी) हे त्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आधी ते बघा आणि मग फ्लॅटफर्डला या. चित्रात डावीकडे दिसणारं विली लॉट या शेतकऱ्याचं घर अजून उभं आहे. पाण्याच्या ज्या काठावरून तो देखावा दिसतो तिथे उभं राहता येतं. झाडं वाढली आहेत, पण घराचा कोपरा आणि पाण्याचं वळण लगेच ओळखू येतं.

चित्रातली गाडी पाण्यात का उभी आहे, याचं एक स्पष्टीकरण मला फार पटतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, चाकावरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडी पाण्यातून न्यायची. माझे आजोबा साताऱ्याकडे बैलगाडीची चाकं ओढ्यात भिजत ठेवायचे, कारण हेच. चित्रावरचं समीक्षकी लिखाण मी पुष्कळ वाचलंय, पण या चाकांनी ते चित्र माझ्या घरचं झालं. १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात याच चित्राला सुवर्णपदक मिळालं.

काठाने चालताना आणखी एक ध्यानात ठेवा. ही वाट मालवाहू नावा ओढणाऱ्या घोड्यांची होती. मध्ये गुरांसाठी कुंपणं यायची, म्हणून घोड्यांना ती उडी मारून ओलांडायला शिकवलेलं असे. 'द लीपिंग हॉर्स' हे १८२५ चं चित्र त्याच उडीचं. वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली की घोड्यालाच नावेत चढवून पलीकडे न्यायचे. डेडमच्या सेंट मेरी चर्चमध्ये कॉन्स्टेबलचं एक धार्मिक चित्र आहे, तेही चुकवू नका.

केंब्रिजहून, पक्षी बघणारा

थोडंच लिहितो. सकाळी लवकर, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी या. खंड्या दिसतो. भारतात आपण ज्याला छोटा खंड्या म्हणतो तीच ही जात, वेगळी नव्हे. राखी बगळाही तोच. आधी बारीक, धारदार शीळ ऐकू येते, मग पाण्यालगत निळी रेघ सरळ निघून जाते. शीळ ऐकल्यावर पुढच्या वळणावर पाण्यावर झुकलेल्या फांद्या बघा, तो तिथेच बसलेला सापडतो. जूनमध्ये काठच्या गवतावर निळ्याशार टाचण्या (चतुरासारखे नाजूक कीटक) असतात. नराच्या प्रत्येक पंखावर शाईचं बोट उमटल्यासारखा गडद डाग.

पूर्व लंडनहून, हिवाळ्यात जाणारे दोघे

सगळ्यांनी उन्हाळाच सांगितला, म्हणून हिवाळ्याची बाजू. गर्दी नसते, झाडं उघडी असल्यामुळे डेडमच्या चर्चचा मनोरा लांबूनच दिसायला लागतो आणि तोच धरून चालता येतं. पण जोराचा पाऊस झाला की नदी कुरणांवर पसरते आणि वाट पाण्याखाली जाते. निघण्याआधी पुराच्या सूचना बघा. इथली माती चिकट, घोट्यापर्यंतचे बूट पुरत नाहीत, गमबूटच हवेत. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी एकच्या सुमाराला परतीला लागा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं सापडलं तसं सोडायचं. हे बाराही महिने.

लेस्टरहून, आईवडिलांना घेऊन गेलेला

ईस्ट बर्गहोल्टचा चढ घेतलात तर चर्चच्या आवारातला घंटांचा पिंजरा बघाच. इथे मनोऱ्याचं काम १५२५ साली सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वूल्झी याची मदत मिळणार होती, पण राजाची मर्जी फिरली आणि १५३० साली वूल्झी वारला, असं सांगतात. मग घंटांसाठी १५३१ साली जमिनीवरच लाकडी पिंजरा बांधला. तात्पुरता म्हणून केलेली ती सोय आजही चालू आहे.

पाच घंटा, सगळ्यांचं मिळून वजन चार टनांच्या वर. दोर नाही, चाक नाही. वाजवणारे घंटेशेजारी उभे राहतात आणि जिला घंटा टांगलेली असते ती वरची लाकडी तुळई हातांनी ढकलून घंटा हलवतात. आम्ही रविवारी सकाळी गेलो म्हणून प्रत्यक्ष बघायला मिळालं. बाबा देवळातल्या घंटेची सवय असलेले, ते जाळीला लागूनच उभे राहिले. पहिल्या टोलाला त्यांनी कान झाकले आणि हसायला लागले. आवाज वरून येत नाही, छातीच्या उंचीवर समोरून येतो.

तिथून फ्लॅटफर्ड मैलभर, आणि सगळा उतार. आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांनी गाडी वर गावात ठेवू नये, परतताना तोच उतार चढावा लागतो. गाडी खाली फ्लॅटफर्डच्या वाहनतळावर लावा आणि पाय ताजे असताना सकाळीच वर जाऊन या.