अनुराधा त्या घरात का राहिली? 'चार दिवस सासूचे' आठवताना

वडगावकरीण

परवा माहेरी आम्ही सगळ्या बहिणी-भावजया जमलो होतो. बोलता बोलता 'चार दिवस सासूचे'चा विषय निघाला आणि इतका वाद झाला की एक जण जेवणाआधीच उठून गेली. म्हणून माझं मत इथं सरळ लिहिते. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर भांडावं.

आमचं घर बेळगावात वडगावला, पुढच्या खोलीत दोन माग. ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१च्या शेवटी लागली ती २०१३च्या जानेवारीत संपली. अकरा वर्षं आणि तीन हजारांवर भाग. संध्याकाळनंतर टीव्ही बाबांच्या बातम्यांचा, त्यामुळं आमच्यात ती दुपारी, परत दाखवायचे तेव्हा बघितली जायची. आई कांड्या भरत बसलेली असायची. माग चालू असला की संवाद ऐकू यायचे नाहीत, आम्ही तोंडं बघून गोष्ट ओळखायचो. मागाचा आवाज बंद व्हावा आणि मालिका तेवढी चालू राहावी असं कधी घडलं नाही, वीज गेली की दोन्ही एकदमच बंद.

गोष्टीचा कणा सगळ्यांना ठाऊक आहे. आशा देशमुख ही पैशाची, हुकमतीची सासू. अनुराधा साध्या घरातून आलेली सून. सासूला ती नको, आणि ती मात्र त्याच घरासाठी झिजत राहते. आम्ही तिच्यासाठी अक्षरशः रडलोय.

२००४ साली माझ्या थोरल्या ताईचं लग्न झालं, चिकोडी तालुक्यातल्या एका गावात. सहा महिन्यांत ती रडत घरी आली. आमच्या आत्यानं तिला जवळ बसवून सांगितलं, "अनुराधा बघ, किती सोसायली आहे. शेवटी सगळं तिच्याच हातात येतंय की नाही?" ताई परत गेली. पुढं नऊ वर्षं तिनं काय काढलं ते इथं लिहिणार नाही.

मला आज वाटतं ते हे : मालिकेतली सून सोसते, कारण तिनं सोसायचं थांबवलं तर उद्याचा भाग नाही. तिचा निकाल लागला की गोष्ट संपली. म्हणून तिला जिंकू द्यायचं नाही, हरू द्यायचं नाही आणि घराबाहेरही पडू द्यायचं नाही. ही लिहिणाऱ्यांची गरज होती. आमच्या घरात मात्र तो बाईचा धर्म म्हणून घेतला गेला. अनुराधानं पहिल्या वर्षातच ते घर सोडायला हवं होतं.

टिळकवाडीचा वाचक

ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दोष चुकीच्या ठिकाणी ठेवताय असं मला वाटतं.

त्याच दशकात, त्याच बायकांनी सह्याद्री वाहिनीवर 'दामिनी' बघितली होती. तीही रोजची, तीही दुपारची. प्रतीक्षा लोणकर त्यात पत्रकार होती, अन्यायाविरुद्ध उभी राहणारी. माझी आई बँकेतून अर्धा दिवस सुटली की चप्पल काढायच्या आधी तो भाग लावायची. 'आभाळमाया'तली सुधा जोशी म्हणजे सुकन्या कुलकर्णी, नवऱ्यानं विश्वास मोडल्यावरही नोकरी करून आपल्या पायावर उभी राहिलेली. या दोघीही आपल्या घराघरांत होत्या. मग तुमच्या आत्यांना ताईला सांगताना दामिनी का आठवली नाही? सुधा का आठवली नाही? त्यांना जे सांगायचं होतं ते आधीच ठरलेलं होतं. अनुराधा फक्त त्यासाठी हाताशी आली.

दुसरं, अनुराधा सोशिक होती पण दुबळी नव्हती. कविता लाड यांनी तिला कधीच केविलवाणी केली नाही. ती आशाबाईंसमोर मान वर करून, आवाज न चढवता बोलायची. समोर रोहिणी हट्टंगडी, पडद्यावर कस्तुरबा साकारून ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या. अशा अभिनेत्रीपुढं रोज उभं राहायचं आणि आपला ताठा जपायचा, हे मी तरी विसरू शकत नाही. गोष्ट ताणली हे खरं. शेवटची काही वर्षं मीही सोडून दिली होती. पण पहिली चार-पाच वर्षं त्या दोघींच्या नुसत्या नजरेवर भाग उभा राहायचा.

निपाणीची लेक

मला दोघांनाही काही सांगायचंय. जरा लांब होईल.

माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत दहा-बारा घरांत तेच काम. दुपारी सगळ्या आपापली सुपं घेऊन एका घरी जमायच्या, ज्यांच्यात रंगीत टीव्ही होता तिथं. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि जर्दा. हात चालू, डोळे टीव्हीवर. हजार विड्यांवर मजुरी, त्यातली छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढ्या गेल्या. त्यामुळं रडण्याचा प्रसंग आला तरी हात थांबायचा नाही. आमच्या तालुक्यात १९८१ साली तंबाखूच्या शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, विडीवाल्या बायकाही आपल्या मजुरीसाठी रस्त्यावर उतरलेल्या. त्यातल्याच ह्या. बिचाऱ्या म्हणाव्यात अशा अजिबात नव्हत्या.

तर सांगायचं हे, की ह्या बायका अनुराधाच्या बाजूच्या नव्हत्या. त्या आशा देशमुखच्या बाजूच्या होत्या. आशाबाई जिना उतरून यायला लागल्या की सुपं थांबायची. मी लहान होते, मला राग यायचा. मी आईला विचारलं, "ती वाईट हाय की, तुला ती कशी आवडती?" आई म्हणाली, "घर तिचं हाय. तिला कोण बाहेर काढणार?"

हे वाक्य मला पुढं वीस वर्षांनी कळलं. आमचं राहतं घर आधी आज्ज्याच्या नावावर, मग चुलत्याच्या. माहेरच्या जमिनीत आईला काही नाही. कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या. आईचं लग्न त्याआधीचं. २००५ ला केंद्राचा कायदा बदलला, तेव्हा मामानं हक्कसोड करून घेतली आणि सही करायला आईला नवी साडी नेसवून घेऊन गेला. त्या गल्लीतल्या एकाही बाईच्या नावावर पत्र्याची खोलीसुद्धा नव्हती. किल्ल्या कमरेला लावून फिरणारी, मुलग्यांना गप बसवणारी बाई त्यांनी फक्त त्या मालिकेत बघितली.

म्हणून वडगावच्या ताई, "अनुराधानं घर सोडायला हवं होतं" हे मला अर्धंच पटतं. सोडून जाणार कुठं? आमच्या बायकांचा प्रश्न तो होता. सून कशी असावी यावर त्या कधीच बोलायच्या नाहीत. घर कुणाचं, यावर बोलायच्या.

खानापूरकर

गोष्टीवर तुम्ही बोलायलाय ते बरोबर, खरं मला भाषेवर बोलायचंय. त्या मालिकेनं आपल्या बायकांची बोली मारली.

आमच्याकडं बायका "मी येतो", "मी जेवलो", "मी गेलतो" असंच म्हणायच्या. माझी आई, आज्जी, सगळ्या. त्यात काय कमीपणा नव्हता. देशमुखांच्या बंगल्यातलं ते "मी येते हं" ऐकून ऐकून माझ्या बहिणीनं आईला सुधारायला सुरुवात केली. आई पाहुण्यांसमोर बोलायचीच बंद झाली. सीमाभागात मराठी टिकवायची म्हणून आपण १९५६ पासून भांडायलोय, मोर्चे काढायलोय, आणि घरात आपलीच मराठी चुकीची ठरवायलोय. त्या तीन हजार भागांत आपल्यासारखं बोलणारं माणूस मला तरी कधी भेटलं नाही.

टिळकवाडीचा वाचक

हे मला मान्य नाही. माझा शाळेचा अनुभव सांगतो. दोन हजार पाचच्या आसपास आमच्या वर्गातली निम्मी मुलं मराठी शाळेतून इंग्रजीत गेली. ज्यांच्या घरी मराठी वर्तमानपत्र येत नव्हतं, पाट्या कन्नड, शाळा इंग्रजी, त्यांच्या कानावर सलग अर्धा तास शुद्ध मराठी पडण्याची जागा ती मालिकाच होती. बोली गेली याचं दुःख मलाही आहे. पण बोली आणि प्रमाण दोन्ही गेलं असतं त्यापेक्षा हे बरं.

खानापूरकर

"शुद्ध" म्हणालात बघा. माझी आई अशुद्ध बोलायची काय?

टिळकवाडीचा वाचक

शब्द चुकला. मागे घेतो. प्रमाण मराठी म्हणायचं होतं. आईंबद्दल तसं म्हणायचं नव्हतं, माफ करा.

गोकाकची, आता शहापूर

मी कन्नड घरची. माझं माहेर गोकाकजवळ, लग्न होऊन शहापूरला मराठी घरात आले २००३ मध्ये. मराठी मला समजायची, बोलता येत नव्हती. सासूबाईंना कन्नड बाजारापुरतं यायचं. पहिले काही महिने आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात जवळजवळ मुक्या होतो. मला वाटायचं त्या रागावल्यात, त्यांना वाटायचं मी ताठ आहे.

आमच्या केबलवर ई टीव्ही मराठी आणि ई टीव्ही कन्नड शेजारी शेजारी लागायचे. एकाच कंपनीचे, दोन्ही २००० साली सुरू झालेले. दुपारी भांडी झाली की सासूबाई त्यांची मालिका लावायच्या आणि मला बसवून घ्यायच्या. न समजलेला शब्द मी हातानं थांबवून विचारायची. नंतर माझी कन्नड मालिका, तेव्हा मी सांगायची आणि त्या ऐकायच्या. 'कारस्थान', 'मिळकत', 'इभ्रत', 'माहेरपण' हे शब्द मी आशा देशमुखांकडून शिकले.

एक दिवस मी त्यांना सांगितलं, आमच्यात सुनेला 'सोसे' म्हणतात. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नावातच सोसायचं?" मी म्हटलं, नाही हो अत्ती, कन्नडमध्ये त्याचा तसा काही अर्थ नाही. त्या बराच वेळ हातातल्या कपाशी चाळा करत बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या सासूबद्दल बोलल्या. विहिरीवरून पाणी, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी मागावर बसवलेलं, सगळं. समोर मालिका चालूच होती, आम्ही दोघींनीही बघितली नाही.

मला कुणी "अनुराधासारखी राहा" म्हटलं नाही. उलट आशाबाईंचा अतिरेक बघून माझ्या सासूबाई म्हणायच्या, "एवढं करायचं नाही गं कुणी." वडगावच्या ताईंच्या घरी जे झालं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या घरी त्याच भागांनी उलटं काम केलं.

अनगोळचा अण्णा

लेखकांनी दोन वर्षांत संपवायला हवी होती. बाकी तुमचं सगळ्यांचं बरोबर आहे. आमच्या घरी ती चालू असताना चहा मिळायचा नाही, आणि आई आजारी पडल्यावर शेवटच्या वर्षी तिला दिवस-वार कळेनासे झाले होते, पण अनुराधा टीव्हीवर आली की दुपार झाली हे कळायचं. एवढंच.

वडगावकरीण

सगळं दोनदा वाचलं.

निपाणीच्या ताई, तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. माझं म्हणणं तिथं कच्चं होतं हे कबूल करते. "घर सोड" म्हणणं मला सोपं जातं, कारण आज माझ्या नावावर घर आहे. तेव्हा ताईला जायला जागा नव्हती, याचा विचार मी केला नव्हता.

टिळकवाडीच्या दादांचं मात्र मला पूर्ण पटत नाही. आत्याला दामिनी का आठवली नाही? कारण दामिनी घराबाहेरची होती, कचेरीतली, कामाची. अनुराधा स्वयंपाकघरातली होती, आमच्यासारखी पदर खोचून उभी. जी आपल्यासारखी दिसते तिचंच उदाहरण देतात. म्हणून तिच्या तोंडी काय घालायचं याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर जास्त येते. गोकाकच्या ताईंच्या सासूबाई चांगल्या होत्या म्हणून त्यांनी त्यातून चांगलं घेतलं. ज्या घरात चांगलं माणूस नव्हतं तिथं काय गेलं, ते मी बघितलंय.

आणि आज मी ताईलाच विचारलं. हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. आत्याचं ते बोलणं तिला नीट आठवतही नाही. ती म्हणाली, "मालिकेवर कशाला ढकलतीस? त्यानंतर मी दोनदा चिकोडीच्या स्टँडपर्यंत आलतो. एकदा तर बेळगावच्या गाडीत बसलतो. तुम्ही कोण दारात घेणार नाही असं वाटलं, म्हणून उतरून परत गेलो."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. ती दुपारी येईल म्हणून कुणी वाट बघत नव्हतं. आम्ही टीव्हीपुढं होतो.

निपाणीची लेक

ताई आता कुठं आहेत?

वडगावकरीण

माझ्याजवळच. वरची खोली तिला दिली आहे, शिलाईचं मशीन तिथंच आहे. कागद करायला दिलेत, पुढच्या महिन्यात ती खोली तिच्या नावावर होईल.