मदत हवी आहे: व्हॅनच्या मागच्या बॅटरीला तीन ठिकाणांहून चार्जिंग

नमस्कार मंडळी, व्हॅनमध्ये मागे झोपायची सोय केलीये, पंखा, लाइट आणि छोट्या फ्रिजसाठी १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी सीटखाली बसवली. छतावर २०० वॅटचं पॅनल आहे, पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी कंट्रोलर आहे, पण जुलैत मुंबईत ऊन कुठलं, त्यात गाडी बोरिवलीला बिल्डिंगच्या सावलीत, फ्रिजपुरतंही भरत नाही. म्हणून आता चालत्या गाडीत अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) आणि घरी असताना पार्किंगमधल्या प्लगवरून पण चार्ज करायचंय.

गॅरेजवाले काका म्हणतात रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकून अल्टरनेटरकडून सरळ वायर ओढू. मला ते पटत नाही, लिथियम रिकामी असली की एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, परवा तात्पुरतं जोडून बघितलं तर थोड्याच वेळात वायरचं कव्हर बोटाला मऊ लागायला लागलं, लगेच काढली.

मग अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेणारा ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर घेऊ का? त्याचे ३० आणि सोलरचे साधारण १५, बॅटरीवर चार्जिंग कमाल ५० अँपिअर लिहिलंय, म्हणजे बसतंय. पण दोन्ही एकदम चालू असताना एकाला दुसऱ्याचं व्होल्टेज दिसून तो बॅटरी भरली समजून आधीच थांबेल का? दोन्ही १४.४ व्होल्टवर ठेवू? फ्यूज कुठे आणि कितीचा, वायर किती स्क्वेअर एमएमची? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, गणपतीला पोरांना घेऊन कोकणात जायचंय.