पंढरपूरचं दार कशाने उघडलं?

माळकऱ्याचा नातू: साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मेला उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव फिरले, विहिरी आणि देवळं खुली करून घेत राहिले, हे आपण विसरतो. समतेचा विचार, विठ्ठलावरची माया आणि ही पायपीट, यांतलं एक जरी नसतं तरी दार उघडलं नसतं. आजचे कार्यकर्ते श्रद्धेला हात लावत नाहीत आणि गाव ऐकत नाही म्हणून हताश होतात.

चवदार: गुरुजींबद्दल आदर आहेच. पण ते ब्राह्मण घरातले. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून पाच वर्षं सत्याग्रह करणाऱ्यांनी दगड खाल्ले, त्यांची श्रद्धा कमी पडली काय? महाडच्या नगरपालिकेने १९२४ लाच चवदार तळं खुलं केलं होतं, तरी ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. वर मारहाण. मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, तेही श्रद्धेच्याच नावाने. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला.

माळकऱ्याचा नातू: मग राज्यघटना हाताशी असताना १९५६ ला बाबासाहेबांना धम्म का लागला?

चवदार: लागलाच. पण येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर एकवीस वर्षं पारखून घेतलेला. बापाकडून आयती आलेली माळ आणि हे एक नव्हे.

दिंडीतली: मी माळकरीण. वारीत आम्ही एका पंगतीत जेवतो, महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकतो. गावी आलो की स्मशानं दोन. गेल्या हरिनाम सप्ताहात मी हे काढलं तर म्हणाले, भजनात राजकारण नको. त्या रात्री मला झोप आली नाही. नातवाचं म्हणणं अर्धंच पटतं: श्रद्धा गावाला एकत्र बसवते, पण पुढचं कुणीतरी तोंडाने बोलावं लागतं, आणि तिथे गाव उठून जातं. बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ मांडताना थेट विहिरीवरच बोट ठेवलं होतं. यंदा कीर्तनकार बुवांनी स्मशानाचा विषय घ्यायचं कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत अर्ज देणार आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, सगळ्या बायकांच्या.

चवदार: अर्ज इथे टाका, कायद्याची बाजू मी बघतो. कीर्तनाला बसणार नाही, ग्रामसभेला येईन.