जुन्या पिकअपचं गिअर ऑइल आता बदलावं का?
दादा, अडीच लाख किलोमीटर झालेत, आता ऑइल बदललं तर गिअर सुटायला लागतील असं तुमच्या मेकॅनिकने सांगितलंय, ते मला अजिबात पटत नाही. ती भीती ऑटोमॅटिकची. तिथे क्लच प्लेट ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. आपल्या मॅन्युअल पिकअपचा क्लच बाहेर, कोरडा. वाशी मार्केटचा माल भरून गायमुखच्या चढावर पहिल्या-दुसऱ्यात रखडणाऱ्या गाडीचं ऑइल तर पुस्तकातल्या अंतराच्या आधीच बदलावं. आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर बघूच नका. ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जायच्या छोट्या तोंडातून, पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं, ते लगेच काढा.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट असताना काढा, पण आधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचा बोल्ट) सुटतोय ना ते बघा, मगच खालचा खोला. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ गाळ असणारच. बोटांत चोळल्यावर कण टोचले, चमकते तुकडे दिसले, तर बेअरिंग किंवा दाते गेलेत, तिथे नुसत्या ऑइलने भागणार नाही. पुस्तकात जीएल-४ ही ऑइलची श्रेणी लिहिली असेल तर दुकानदार 'भारी आहे' म्हणून जीएल-५ देईल, ते घेऊ नका. त्यातली काही ऑइलं पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात.