वेण्णा नदीची क्षेत्रभेट: मुलांकडून काय करून घ्यावं?

फलटणची_बाई: दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा. नोव्हेंबरअखेर ४२ मुलांना सातारा जिल्ह्यातली वेण्णा नदी दाखवायला न्यायचं ठरतंय. वेण्णा तलाव, लिंगमळा धबधबा, केळघर घाट, मेढा, कण्हेर धरण आणि शेवटी वेण्णा कृष्णेला मिळते ते संगम माहुली, असं सगळं एका दिवसात. आमच्या सहलीत मुलं फोटो काढतात, कणसं खातात, परत येतात. यंदा त्यांनी खरंच नदी अभ्यासावी असं फार वाटतं. साहित्याला पैसे नाहीत. काय करता येईल?

घाटवाट: धरणाच्या खाली पात्रात उतरणार असाल तर पाटबंधारे खात्याकडे आधी चौकशी करा, पाणी कधी सोडणार आहेत ते. लिंगमळ्याला शेवाळलेल्या खडकांवर कुणालाही जाऊ देऊ नका.

जावळीचे_मास्तर: बाई, मी जावळी तालुक्यात भूगोल शिकवतच निवृत्त झालो. आधी थांबे कमी करा. वेण्णा तलाव बसमधूनच दाखवा, तो १८४२ साली साताऱ्याच्या महाराजांनी बांधून घेतलेला आहे. लिंगमळा वरूनच बघा, पण तिथून दरीचा आकार प्रत्येकाने वहीत काढलाच पाहिजे. मोजमाप दोनच ठिकाणी: केळघरच्या आसपास आणि माहुलीला.

दहा मीटर सुतळी, संत्रं आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढं पुरे. संत्रं बरंचसं पाण्यात बुडून वाहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. दोन्ही काठांजवळ आणि मध्ये सोडा. काठाजवळचं रेंगाळतं, मधलं पुढे निघून जातं. हे डोळ्यांनी पाहिलं की घर्षण वेगळं शिकवावं लागत नाही. सुतळीएवढं अंतर जायला किती सेकंद लागतात त्यावरून वेग काढा. हा वेग पाण्याच्या पृष्ठभागाचा, त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेगाचा अंदाज मिळतो. खोली अर्ध्या अर्ध्या मीटरवर, खुणा केलेल्या काठीने. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे मोजायचं नाही.

मग गोटे. मुलं सुंदर, गुळगुळीत तेवढेच उचलतात. म्हणून डोळे मिटून पायाच्या अंगठ्याला पहिला लागेल तोच घ्यायचा. पट्टीने सर्वांत लांब बाजू मोजा, कडा धारदार की गोल ते लिहा आणि गोटा होता तिथे ठेवा. प्रत्येक गटाने तीस मोजले तरी तक्ता छान होतो.

फलटणची_बाई: सर, खूप आभार. पण खाली जाताना गोटे लहान होत जातात हे पुस्तकातलं चित्र तिथे दिसेल ना?

जावळीचे_मास्तर: सरळसोट नाही दिसणार. वरून येणारा गाळ, गोटे कण्हेरच्या जलाशयात अडकतात. धरणाखाली ओढे स्वतःचा नवा, टोकदार दगड आणून टाकतात. माहुलीला तर कृष्णेचाही माल मिसळतो. म्हणून संगमाच्या थोडं वर, नुसत्या वेण्णेच्या पात्रात मोजा. आकडे जुळले नाहीत तर मुलांना ते जुळवू देऊ नका, धरणाचा परिणाम अहवालात लिहायला सांगा. माझ्या मते अख्ख्या क्षेत्रभेटीत तोच परिच्छेद सर्वांत मोलाचा.

आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही न्या. माहुलीला ताराराणींची समाधी आहे.

घाटवाट: भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा संकेतस्थळावरून उतरवून घ्या. समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) नदीचा उतार मुलांना जायच्या आधी वर्गातच काढता येईल.