मदत हवी आहे : नर्सिंगसाठी आयईएल्ट्स द्यावी की ओईटी?

नमस्कार. मी मिरजेत आयसीयूमध्ये सहा वर्षं नर्स आहे. यूकेच्या एनएमसी (तिथली नर्सिंग परिषद) नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. आयईएल्ट्स ही सर्वसाधारण, तर ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा. कोणती द्यावी याचा निर्णय होत नाहीये.

आधी एका क्लासने मला आयईएल्ट्स जनरल ट्रेनिंगला बसवायची तयारी केली होती. 'सोपी असते' म्हणाले. नंतर कळलं की एनएमसीला आयईएल्ट्सचा दुसरा प्रकार, ॲकॅडेमिकच लागतो. फी भरण्याआधी कळलं, नाहीतर पैसे गेलेच असते.

आता ॲकॅडेमिक की ओईटी? ॲकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ हवेत. ओईटीत त्याच तिन्हींत बी ग्रेड आणि लेखनात सी प्लस. माझी भीती लेखनाचीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे आलेख बघून दीडशे शब्द लिहायचे आणि वर अडीचशे शब्दांचा निबंध, यात मी अडखळते. ओईटीत रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं. रेफरल, डिस्चार्ज हे तर रोजचंच काम. बोलण्यातही रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी संवाद असतो. पण तिची फी बरीच जास्त आहे, दुसऱ्यांदा भरणं मला झेपणार नाही.

ज्यांनी दोन्ही दिल्यात त्यांनी कृपया सांगा, लेखनात खरंच फरक पडला का? ओईटी कागदावर दिलीत की संगणकावर? माझा टायपिंगचा वेग बेताचाच आहे. आणि आयईएल्ट्सच घेतली, तर यूकेव्हीआयवाली (यूकेच्या व्हिसासाठीची) वेगळी द्यावी लागते का?

या महिनाअखेर नाव नोंदवायचं आहे.