छातीत गाठ, रिपोर्टात 'बायरॅड्स ३': सुई घालून घेऊ का?

खानापूरहून: वय २६. उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ, बोटाखालून सटकते, दुखत नाही. बेळगावात सोनोग्राफी केली, फायब्रोॲडेनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) म्हणाले. सासूबाई म्हणतात लेप लाव.

निपाणीहून: अगं, माझीही तसलीच की! बायरॅड्स म्हणजे गाठीत कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारा आकडा. ३ म्हणजे बहुतेक साधीच; कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. वाढली किंवा ४ आलं तर मात्र कोअर बायोप्सी (जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासतात). लेपानं गाठ जात नाही, कातडी तेवढी भाजते (आमच्याकडं झालंय).

बेळगावहून, नर्स: घरात कुणाला कॅन्सर होता का, ते डॉक्टरांना सांगितलंस? कातडी आत ओढली, बोंडातून रक्त आलं, काखेत गाठ लागली तर सहा महिने बघत बसायचं नाही. चाळिशीनंतर असती तर मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे) लागली असती.

खानापूरहून: मावशीला होता, सांगायचं राहिलं. उद्याच फोन लावते.